जनुक बदललं ते जंतूचं, पोरीचं नव्हे

"मॅडम, हे आमच्या रक्तातच आहे का हो?" रिपोर्टची घडी उलगडायच्या आधीच आईने विचारलं.

मुलगी २३ वर्षांची, कुर्ल्याची. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) महिनाभर खोकला, कपडे ढगळ व्हायला लागलेले. बेडक्याच्या सीबीनॅट तपासणीत टीबी निघाला आणि त्याखाली एक ओळ : रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स डिटेक्टेड. म्हणजे रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य गोळीला जंतू दाद देत नाही. मुलीने मोबाइलवर शोधलं, तिथे 'जनुकीय बदल' हा शब्द सापडला. मामाला पूर्वी टीबी झाला होताच. झालं, घराण्याचा दोष ठरला. त्यात दिवाळीनंतर साखरपुडा.

वडिलांचं म्हणणं वेगळं. "बिघडलेला टीबी म्हणतात ना हा? हिनेच गोळ्या चुकवल्या असणार."

मी रिपोर्टवरच्या तारखेवर बोट ठेवलं. बेडका दिला त्या दिवसापर्यंत पोरीने टीबीची एकही गोळी खाल्ली नव्हती. चुकवणार काय? वडील खिडकीबाहेर बघायला लागले. 'बिघडलेला टीबी' हा शब्द मला म्हणूनच खुपतो. ऐकणाऱ्याला वाटतं पेशंटनेच बिघडवला. कुणाच्या तरी फुप्फुसात आधीच तयार झालेला दणकट जंतू खोकल्यातून हवेत येतो आणि पहिल्याच खेपेला दुसऱ्याच्या वाट्याला जातो. गर्दीच्या लोकलमध्ये की कोंदट कारखान्यात, ते शोधण्यात अर्थ नसतो.

आई घरी काज-बटणाचं काम करते. बोटांना सुईची टोचणी दिसत होती. म्हटलं, "काकू, काज एक सूत सरकलं तर बटण बसेल का?"

"छे."

रिफॅम्पिसिनचंही तसंच आहे. जंतूच्या एका यंत्रात ती घट्ट बसते आणि त्याचं काम बंद पाडते. त्या यंत्राचा नमुना जंतूच्या आरपीओबी नावाच्या जनुकात असतो. जंतू दुप्पट होताना या नमुन्याची नक्कल करतो. नकलेत कधी एक अक्षर चुकतं, काज सरकतं, गोळी बसत नाही. आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य गोळीची गंमत आणखी वेगळी. ती गोळी जशी पोटात जाते तशी निरुपद्रवी असते; जंतूचंच एक विकर (एन्झाइम) तिला चालू करतं आणि तो स्वतःच्या हाताने मरतो. ज्याचं ते विकर मोडकं, तो वाचतो.

"म्हणजे गोळीने जंतू बदलतो?" मुलीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. प्रश्न नेमका होता. नाही, चूक आपोआप होते; गोळी फक्त निवड करते. साधारण दहा लाखांत एखादा जंतू आयसोनियाझिडला दाद देत नाही, दहा कोटींत एखादा रिफॅम्पिसिनला. फुप्फुसात पोकळी पडली की तिथे जंतू कोटींनी असतात. एकच औषध दिलं तर साधे मरतात आणि तो एखादा मोकळ्या मैदानात वाढतो. १९४० च्या दशकात नुसत्या स्ट्रेप्टोमायसिनवर ठेवलेल्या पेशंटांचं हेच झालं होतं. चार गोळ्या एकत्र देतात त्या यासाठी : आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्हींना एकदम चकवणारा जंतू शरीरात सापडणं जवळपास अशक्य. कुणी दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून थांबतं, कुणी चारातली एकच घेतं, तेव्हा हे गणित मोडतं.

"आणि हिची मुलं?" आईचा खरा प्रश्न हा होता.

हा बदल जंतूच्या जनुकात आहे, पोरीच्या नाही. जंतू मेला की त्याचं जनुकही गेलं. मुलांकडे वारशाने जायला काही उरत नाही. औषधं चालू असेतो मात्र दिवस जाऊ द्यायचे नाहीत, हे तिला बाजूला घेऊन सांगितलं. साखरपुडा पुढे ढकला आणि मुलाकडच्यांना खरं कारण सांगा, असं माझं मत. पण तो निर्णय त्यांचा.

डॉक्टरांनी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा कोर्स लावला. भारतात त्याला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. पूर्वी दीड-दोन वर्षं जायची. पायाला मुंग्या आल्या, डोळ्यांना अंधुक दिसलं तर मनाने गोळी बंद न करता त्याच दिवशी यायचं, हे मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

घरच्यांचीही तपासणी हवी. आई आणि धाकटा भाऊ एक्स-रे काढून आले, दोघांचे साफ. वडील "पुढच्या सोमवारी सुट्टी टाकतो" म्हणालेत. असे तीन सोमवार झाले.