जुन्या ऑल्टोचा बॉल जॉइंट घरच्या घरी बदलता येईल का?

तुमचा प्रश्न असा: 2008 ची ऑल्टो, ऑगस्ट 2024 मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या पुरात चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभी होती, आता गतिरोधकावर डावीकडून खट् आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो बॉल जॉइंट गेलाय, वेल्डिंगचा टाका मारून देतो. हे काम घरी करता येईल का?

करता येईल. पण टाका अजिबात मारू देऊ नका. बॉल जॉइंट म्हणजे चाकाच्या भागाला खालच्या दांड्याशी जोडणारा, सगळीकडे फिरणारा सांधा. त्याच्या आत स्टीलच्या गोळ्याभोवती प्लॅस्टिकचं अस्तर आणि ग्रीस असतं. वेल्डिंगच्या आचेने दोन्ही जळतात आणि जॉइंट आतून आणखी सैल होतो. वरून मात्र काम पक्कं झाल्यासारखं दिसतं. असा जॉइंट धावत्या गाडीत निसटला तर चाक खालून बाहेर फेकलं जातं, ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) गिअरबॉक्समधून ओढला जाऊ शकतो आणि स्टिअरिंग तुमच्या हातात राहत नाही.

आधी दोष नेमका तिथेच आहे का ते पाहा. गाडी बॉडीखालून उचला, चाक मोकळं लटकू द्या. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खेळ (सैलपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर बहुधा बॉल जॉइंट. खात्रीसाठी लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि नकल (बेअरिंग आणि चाक धरणारा भाग) यांच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलका दाब द्या. जॉइंट वरखाली सरकताना डोळ्यांना दिसेल. चाक डावी-उजवीकडे धरून हलत असेल तर तो टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा) टोकाचा जॉइंट, ते वेगळं काम. रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) फाटलेला असेल तर खेळ नसला तरी जॉइंट संपत आलाय असं समजा. पुराच्या पाण्यातला बारीक गाळ एकदा आत गेला की तोच अस्तर खातो, वरून ग्रीस भरून काही होत नाही.

पार्ट घेताना नुसता बॉल जॉइंट न घेता जॉइंटसकट पूर्ण लोअर आर्म घ्या, माझं ठाम मत आहे. सुटा जॉइंट प्रेसवरच (दाब देणाऱ्या यंत्रावरच) बसवावा लागतो. हातोड्याने ठोकला की आर्मचं भोक लंबगोल होतं आणि नवा जॉइंटही काही महिन्यांत सैल. सुटाच मिळाला तर वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) प्रेस असलेलं वर्कशॉप शोधा आणि दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायला सांगा, तळाच्या झाकणावर किंवा स्टडवर (गोळ्यातून बाहेर येणाऱ्या दांडीवर) नको. नव्या जॉइंटचा स्टड बोटांनी हलवून बघा. तो घट्ट आणि सगळीकडे सारखा फिरला पाहिजे. स्वतःच्या वजनाने लोंबकळला तर दुकानदाराला परत द्या.

आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टचे आटे वायर ब्रशने साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी सपाट जागेवर हँडब्रेक, पहिला गिअर आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. मग पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी लोखंडी स्टँडवर ठेवा. विटा नकोत, त्या एकदम फुटतात. काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सारून ठेवा.

काम एकाच बाजूचं असलं तरी दोन्ही बाजू उचला. या गाडीत स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंचे आर्म जोडणारा, वळणावर गाडी कमी झुकू देणारा दांडा) थेट लोअर आर्ममधून जातो. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो आणि आर्म निघताना झटका देतो.

आर्ममागची बारची कॉटर पिन (नट फिरू न देणारी पिन) काढून नट सोडा. वॉशर आणि रबर कुठल्या क्रमाने, कुठल्या तोंडाने आहेत याचा फोटो काढून ठेवा. मग नकलवरचा पिंच बोल्ट (स्टडला आवळून धरणारा). बहुतेक जण इथेच फसतात. स्टडला एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो, म्हणून तो नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. बोल्ट तसाच ठेवून कितीही ठोकलं तरी स्टड हलणार नाही, उलट नकल खराब होईल. बोल्ट निघाला की नकलच्या फटीत छिन्नी अलगद बसवून ती जराशी उघडा. जोर केलात तर नकलला तडा जाईल. आता टॉमीने आर्म खाली दाबा, स्टड सुटेल. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढू नका, नाहीतर शाफ्ट सरकून गिअरबॉक्सचं ऑइल गळायला लागेल. शेवटी आतला बुशचा (आर्मच्या बॉडीकडच्या टोकातल्या रबराचा) बोल्ट काढून आर्म बारवरून मागे ओढून घ्या.

पिंच बोल्ट गंजून तुटला तर काम तिथेच थांबवा. नकल उतरवून लेथवाल्याकडून बोल्ट ड्रिल करून घ्या.

बसवताना स्टड नकलमध्ये पूर्ण वर गेला पाहिजे. पिंच बोल्ट हाताने सरळ आत जात असेल तरच खाच जुळली म्हणायचं. ठोकावा लागला तर स्टड अजून खाली आहे. बोल्ट-नट नवे घ्या. जुन्या छोट्या मारुतींना इथे साधारण 60 न्यूटन-मीटर लागतं, तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम धरा. बारच्या नटात नवी कॉटर पिन घाला, जुनी वाकवून परत वापरू नका.

बुशचा बोल्ट मात्र आत्ता हाताने बसेल तेवढाच. आर्म लटकलेला असताना तो कसला की गाडी खाली उतरल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकं लावून गाडी जाड फळ्यांवर उतरवा, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा आणि मगच बोल्ट पूर्ण कसा. चाकाचे नट 85 न्यूटन-मीटरला, आलटून-पालटून.

नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर पिंच बोल्ट व बारचा नट पुन्हा तपासा. उजवा जॉइंटही त्याच पाण्यात होता. त्याचा बूट याच वेळी बॅटरीच्या उजेडात नीट बघा, फाटला असेल तर तो आर्मही बदला.