अमेरिकन साहित्यातला रोमँटिसिझम इंग्रजी रोमँटिसिझमपेक्षा वेगळा कसा?

रोमँटिसिझम म्हणजे भावना, कल्पना आणि निसर्गाला मोठं मानणारी साहित्यातली लाट. तिचं बी युरोपातलंच, जमीन वेगळी. इंग्रज लेखकांकडे पडके किल्ले, जुने मठ, सरदारांच्या दंतकथा होत्या. नव्या देशाकडे होतं अफाट रान. म्हणून कूपरच्या 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स'मध्ये (१८२६) जंगल जणू पात्र होऊन येतं. गंमत म्हणजे आयर्व्हिंगने 'रिप व्हॅन विंकल' लिहिली इंग्लंडात बसून. कथेतल्या, अमेरिकेतल्या कॅट्सकिलच्या डोंगरांत तेव्हा त्याने पाऊलही ठेवलं नव्हतं!

मला मात्र दुसरा फरक जास्त मोठा वाटतो: प्युरिटन वारसा, म्हणजे अमेरिकेत येऊन वसलेल्या कडक धर्मनिष्ठ ख्रिश्चनांचा, पापाची धास्ती बाळगणारा वारसा. हॉथॉर्नचा एक पूर्वज सेलम या प्युरिटन गावातल्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होता, आणि 'द स्कार्लेट लेटर'वरची (१८५०) पापाची सावली शेवटपर्यंत हटत नाही. मेल्व्हिलही त्याच काळोख्या वाटेचा. व्हेलच्या शिकारीवरची 'मोबी डिक' (१८५१) त्याने हॉथॉर्नलाच अर्पण केली. उलट इमर्सनला 'नेचर'मध्ये (१८३६) निसर्गातच ईश्वर दिसतो. थोरो तर १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहायलाच गेला. जमीन इमर्सनची, बरं का!

वाचायला सुरुवात करायची असेल तर आधी आयर्व्हिंगच्या कथा घ्या. 'मोबी डिक'ला एकदम हात घालू नका, व्हेलच्या माहितीचीच प्रकरणं दमवतात.