निंबाखालची वही

चि.,
अनेक आशीर्वाद.

दारचा निंब आठ दिवसांत बोडका झाला, अंगण कितीही झाडलं तरी भरतंच, आणि आजी गेल्यापासून ते बघवत नाही, असं तू लिहिलंस. ‘जे येतं ते जातंच’ असं जो तो सांगतो, पण गळी उतरत नाही म्हणतेस. सांगून ते कुणाच्याच गळी उतरत नाही. म्हणून समजूत घालत बसत नाही, एक काम सांगतो.

दोनशे पानी वही घे. झाड एकच धर, दारचाच निंब. चार दिशांच्या चार फांद्या निवड, हात पोचेल अशा, आणि प्रत्येकीला चिंधी बांध. सैल बांध, सुतळी करकचून आवळलीस तर फांदी जाड होते तशी ती सालीत रुतते. दर रविवारी सकाळी त्याच चार फांद्या बघायच्या. पान, कोंब, फूल, फळ असे चार रकाने. काहीच नसेल तर शून्य, निम्म्या फांदीपेक्षा कमी असेल तर एक, जास्त असेल तर दोन. मनाचं काही लिहू नकोस. ते आपोआप बाजूला उमटतं.

यात बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. आठवण येईल तेव्हा बघतात. मग ‘पहिलं फूल’ म्हणून जी तारीख पडते, ती फूल आल्याची नसून बघितल्याची असते. शून्य लिहायचाही कंटाळा करतात. पण मागच्या रविवारी शून्य होतं हे ठाऊक असेल तरच आजच्या एकला अर्थ. आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेला शेजारचा निंब अजून हिरवागार दिसला तर गोंधळू नकोस. त्याच्या मुळाशी ओल आहे, तो उशिरा झडेल.

आता एक जवळून बघ. पूर्ण पिवळं पडलेलं पान देठाला धरून अलगद खाली ओढ. टिचकीसरशी सुटतं, आणि जागा कोरडी, साफ असते. तसंच हिरवं पान ओढलंस तर सालीचा तुकडा ओरबाडून येतो. देठाच्या बुडाशी झाडानं आधीच पेशींचा एक नाजूक थर तयार केलेला असतो. पान तिथून सुटतं. वाऱ्याचं फक्त नाव होतं. पुढचा उन्हाळा कोरडा, जुन्या पानांतून पाणी उडवत बसणं झाडाला परवडत नाही. सुटलेल्या जागेच्या किंचित वर भिंगातून बघ, बारीकसा डोळा दिसेल. तांबूस कोंब फुटतो तो तिथूनच. पाडव्याच्या सुमारास फुलं, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधण्याइतकी सावली, आणि मिरगाच्या पुढेमागे अंगणात पिकल्या निंबोळ्यांचा सडा.

सावलीही मोज. अंगणात हातभर काठी ओळंब्यानं सरळ उभी कर. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बाराला येत नाही. जळगाव-भुसावळकडे साडेबाराच्या पुढेमागे, मेअखेरीस साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी. २२ डिसेंबरला त्या वेळी काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच असते. २५ मेच्या आसपास, म्हणजे रोहिणी लागतात तेव्हा, ती पार नाहीशी होते. मग सूर्य उत्तरेला सरकतो, दुपारची सावली दक्षिणेला पडू लागते, आणि १७ जुलैच्या सुमारास पुन्हा शून्य. त्या दुसऱ्या वेळी बहुधा ढग असतात. तरी काठी उपटू नकोस, ‘ढग’ लिही.

पण निंबावरून आजीचा हिशोब मांडू नकोस. पालवी परत येते, तसं माणूसही येईल, असं कुणी सुचवलं तर ते खोटं आहे, हे तुला कळतंच. त्यापेक्षा काकांच्या केळीत जा. केळीचं खोड एकदाच निसवतं, म्हणजे फुलावर येतं. तिसेक पानं काढली की आतून कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर येतं, घड धरतो, तीन-चार महिन्यांनी कापला जातो; त्या खोडाला पुन्हा घड नाही. उन्हाळ्यात आठवड्याला एक पोंगा, म्हणजे नव्या पानाची सुरळी, उलगडतो, थंडीत पंधरवडा लागतो. पोंगा दिसला की देठावर मार्करनं तारीख टाक, फरक आपोआप कळेल.

निसवण होईपर्यंत बुडाशी येणारी पिलं, म्हणजे नवे फुटवे, कापत राहतात, नाहीतर कंदातलं अन्न वाटलं जाऊन घड बारीक राहतो. खोडवा, म्हणजे त्याच कंदावर पुढचं पीक, घ्यायचा असेल तर निसवणीनंतर एक जोमदार पील राखतात. घड उतरवल्यावर जाणता शेतकरी खोड लगेच बुडातून तोडत नाही. चारेक फूट उभं ठेवतो, टप्प्याटप्प्यानं कमी करतो. त्यातलं पाणी आणि अन्न कंदातून पिलाकडे उतरतं. घाईनं साफसफाई करणाऱ्याचं पील मागे पडतं.

काकांना विचारून एक गोष्ट करून बघ. कापायचंच असलेलं एखादं पील आडवं छाट आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. मधली सुरळी बोटभर वर आलेली असेल. शेजारी घड उतरवलेलं खोड छाटलेलं असेल, तेही बघ. त्याच्या मधोमध दांडा असतो, तो जागचा हलत नाही. दोन्हींची नोंद एकाच पानावर कर.

अखाजीला घरचे आजीच्या नावानं घागर भरतील, वर डांगर (खरबूज) नि आंबा ठेवतील. त्या दिवशी रविवार नसला तरी घागर भरून झाल्यावर निंबाखाली जा आणि चारही फांद्यांचे रकाने भर. तारखेपुढे कंसात ‘आजीची घागर’ एवढं लिहिलंस तर चालेल.

तुझा,
मास्तर