पहिल्यांदाच शिफ्ट इनचार्ज होतोय, हाताखाली बारा माणसं. काय सांभाळू?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यापासून बारा जणांची शिफ्ट तुमच्याकडे येतेय आणि त्यातले तिघे तुमच्यापेक्षा सीनियर आहेत. अभिनंदन! मी चाकणला एका मशिन शॉपमध्ये ऑपरेटरचा सुपरवायझर झालो तेव्हा माझ्याकडे नऊ जण होते. त्या अनुभवावरून सांगतो: काही बिघडलं तर ते तुमच्या कानावर किती लवकर येतं, हे आधी सांभाळा. बाकीचं हळूहळू जमतं.

आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथवर, शाफ्ट (गोल दांडे) टर्न व्हायचे. इन्सर्ट, म्हणजे टूलवरची कापणारी टिकली, झिजत जाते तसा शाफ्टचा व्यास वाढत जातो, म्हणून ऑपरेटर ऑफसेटमध्ये (मशीनमधल्या माप-दुरुस्तीच्या आकड्यात) थोडी थोडी भरपाई करत राहतो. नवी इन्सर्ट लावली की ती भरपाई काढायची असते. ती राहिली, तर पुढचा जॉब मायनसमध्ये जातो, म्हणजे मापापेक्षा बारीक होतो. प्लसमधला जॉब पुन्हा घासून वाचवता येतो, मायनसमधला थेट भंगारात. एका नाइट शिफ्टला एका मुलाचे अकरा शाफ्ट असेच गेले. ते त्याच्या लक्षात आलं, पण त्याने नापास मालाच्या लाल बिनमध्ये न टाकता चांगल्या मालात मिसळले. ते ग्राहकाच्या लाइनवर सापडले आणि आमची माणसं तिथे जाऊन दोन दिवस सॉर्टिंग करत बसली.

मी त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, मागच्या आठवड्यात सहा पीस गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर त्या दुसऱ्या पोराला काय काय बोललात..."

मला ते आठवतही नव्हतं. त्याला मात्र शब्दन् शब्द पाठ होता.

त्यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावली. कुणी बिघाड सांगायला आला की तोंडातून पहिलं वाक्य निघायचं, "बरं झालं लगेच सांगितलंस." मग मशीनपाशी जाऊन दोघांनी बघायचं. कुणाची चूक, हे नंतर, तेही बाजूला घेऊन. जमायला सहा महिने लागले, कारण डिस्पॅच अडलेला असताना संताप येतोच. आम्ही पद्धतही बदलली: इन्सर्ट बदलल्यावरचा पहिला पीस शेजारच्या मशीनवाल्याने मायक्रोमीटरने मोजायचा, मगच सायकल पुढे. टोयोटाच्या कारखान्यात काही खटकलं की कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो आणि टीम लीडर धावत त्याच्याकडे जातो, ते मदतीला. हे मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं, पण त्या अकरा शाफ्टनंतरच मला ते उमगलं.

दुसरी अडचण म्हणजे स्वतः मशीनवर उभं राहायचा मोह. तुम्ही चांगले ऑपरेटर असणार, म्हणूनच बढती मिळाली. एखादा सेटिंगला वेळ लावतोय म्हटल्यावर हात शिवशिवतात. त्याला करू द्या. तुम्ही केलंत तर आजचा अर्धा तास वाचेल, पण तो पुढच्या वेळीही तुमचीच वाट बघेल.

सुट्ट्यांचं मात्र पहिल्या दिवसापासून उघड ठेवा. गणपतीला कोकणातले सगळेच रजा मागतात. मी भिंतीवर तक्ता लावला, गेल्या वर्षी कोण गेलं, यंदा कोणाची पाळी. कालपर्यंत चहाला सोबत असलेल्या मित्राला मी त्या वर्षी थांबवलं, तेव्हा तो दोन आठवडे बोलला नाही. पण बाकीच्यांचा विश्वास तिथूनच बसायला लागला.

आता ते तिघे सीनियर. चार्ज घेण्याआधीच एकेकाला वेगळं गाठा आणि विचारा, "दादा, या शिफ्टमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" सांगतील ते वहीत लिहून घ्या आणि त्यातलं एक तरी पहिल्या पंधरा दिवसांत सोडवा. माझ्या वेळी एका काकांनी फक्त कूलंटची गळती सांगितली होती. दोन वर्षं त्यांचे बूट रोज ओले व्हायचे.