पुढची एमएक्स-५: चेहऱ्याआधी बांधा बघा

तुमचे दोन प्रश्न आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये टोकियोच्या जपान मोबिलिटी शोमध्ये माझदाने दाखवलेली लाल आयकॉनिक एसपी ही कॉन्सेप्ट गाडी म्हणजेच पुढची एमएक्स-५ (त्यांची छोटी, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार) का? आणि चाचणीच्या झाकलेल्या गाडीचे फोटो आले, तर त्यांत बघायचं काय?

पहिल्याचं उत्तर माझ्या मते स्पष्ट आहे. तिचा चेहरा उचलला जाईल, बांधा नाही. आयकॉनिक एसपी ४१८० मिमी लांब, १८५० मिमी रुंद, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २५९० मिमी आणि वजन १४५० किलो. सध्याची चौथ्या पिढीची एमएक्स-५, म्हणजे एनडी, ३९१५ मिमी लांब, १७३५ मिमी रुंद, चाकांतलं अंतर २३१० मिमी. २०१५ मध्ये जपानमधलं तिचं सर्वांत हलकं १.५ लिटरचं मॉडेल ९९० किलोचं होतं. एवढा फरक नुसती रेषा बदलून भरून निघत नाही. शिवाय आयकॉनिक एसपीचं बॉनेट इतकं खाली आहे ते तिच्यातल्या छोट्या रोटरी इंजिनामुळे (यात पिस्टनऐवजी दोन रोटर फिरतात). ते वीज बनवण्यासाठी आहे आणि गाडीच्या मध्याजवळ बसवलंय. तिथे उभं चार सिलिंडरचं इंजिन ठेवलं की ते बॉनेट तसं राहत नाही.

खरा पेच इथेच आहे. माझदाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेलं स्कायअ‍ॅक्टिव-झेड हे २.५ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आहे आणि ते आधी सीएक्स-५ मध्ये येणार आहे. तेच एमएक्स-५ मध्ये बसवलं तर उंचीचं काय? आत्ताच्या २.० लिटरच्या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ९१.२ मिमी आहे, माझदाच्या २.५ लिटर स्कायअ‍ॅक्टिव-जीचा १०० मिमी. नवं इंजिन याच मापाच्या आसपास धरलं, तर फक्त क्रँकमुळे पिस्टन ४.४ मिमी वर आणि तेवढाच खाली जास्त जातो. कनेक्टिंग रॉडही लांबला तर ब्लॉक आणखी उंच होतो. आकडा लहान वाटतो, पण पादचारी बॉनेटवर आदळला तर पत्र्याला दबायला खाली मोकळी जागा लागते, त्यामुळे इथे एकेक मिलिमीटरची ओढाताण असते. एनडीने यावर अ‍ॅक्टिव्ह बॉनेटचा उपाय केला. धडक बसताच बॉनेटची मागची कड उचलली जाते, म्हणून एरवी ते खाली बसवता येतं. पुढच्या गाडीतही हा उपाय राहील आणि तरीही बॉनेटचा मधला भाग किंचित फुगेल, असा माझा अंदाज. एखाद्या कल्पनाचित्रात बॉनेट आत्तापेक्षाही सपाट दाखवलं असेल, तर चित्रकाराने खाली इंजिन धरलेलंच नाही असं समजा.

बॉनेटमधून वर येऊन पुन्हा आत मिटणाऱ्या हेडलाइटची आशा मात्र सोडा. पहिल्या पिढीनंतर (एनए), १९९८ च्या दुसऱ्या पिढीपासून (एनबी) ते गेले. मोटर आणि सांधे यांचं वजन नेमकं नाकाच्या टोकावर येतं, आणि युरोपात २०११ पासून नव्या मॉडेलना दिवसा पेटणारे दिवे सक्तीचे आहेत, म्हणजे झाकण बंद असतानाही काहीतरी पेटलेलं हवंच.

आता फोटो. सुरुवातीची चाचणीगाडी बहुतेकदा जुन्याच पत्र्याखाली नवे भाग घालून फिरवतात. अशा फोटोतले दिवे आणि बंपर काहीच सांगत नाहीत. चाकं पत्र्याबाहेर आली आहेत का, चाकांच्या कमानींवर जोडपट्ट्या आहेत का, सायलेन्सर कुठून काढलाय, हे बघा. नवा पत्रा झाकलेला असेल तर खोटे फोम आणि पॅनेल बंपर, दिवे, डिकी यांवर असतात. दरवाजाची फट, पुढच्या काचेचा खांब आणि आरशाची जागा सहसा खरी असते.

चाकांतलं अंतर घरबसल्या मोजता येतं. बाजूचा फोटो घ्या आणि दोन चाकांच्या मध्यबिंदूंतलं अंतर पिक्सेलमध्ये मोजा. मग मागच्या रिमची आडवी रुंदी मोजा, उंची नको. गाडी थोडी तिरकी असेल तर अंतर आणि रिमची रुंदी सारख्याच प्रमाणात आक्रसतात, उंची आक्रसत नाही, आणि चूक तिथेच होते. पुढचं चाक वळलेलं असू शकतं, म्हणून मागचं. १७ इंची रिम दिसायला ४३२ नव्हे, कडा धरून साधारण ४६७ मिमी भरते. एनडीचं गुणोत्तर ४.९५ येतं, आयकॉनिक एसपीच्या अंतराला तेच ५.५५ येईल. १६ इंची रिमला ४४१, १८ इंचीला ४९२ धरा. रिमचा आकार चुकला तर सगळंच चुकतं, म्हणून टायरवरचा आकडा वाचता येतो का ते आधी बघा. मोबाईलने जवळून काढलेला फोटो टाकून द्या. एक टक्क्याची चूक म्हणजे २३ मिमी, त्यामुळे तिसऱ्या पिढीची एनसी (२३३० मिमी) आणि एनडी यांतला फरक या पद्धतीने कळणार नाही. एनडी आणि आयकॉनिक एसपी यांतला २८० मिमीचा मात्र नक्की कळेल.

आणि चाकाचे नट मोजायला विसरू नका. एनए, एनबी आणि एनडीला चार, फक्त एनसीला पाच. एनडीत वजन उतरवताना माझदा पुन्हा चारवर आली. चाचणीच्या गाडीला पाच दिसले, तर हब आणि ब्रेक मोठे, म्हणजे ताकद आणि वजन दोन्ही वाढवायची तयारी चालू आहे. चारच दिसले, तर हजार किलोच्या आसपास राहायचा त्यांचा हट्ट कायम आहे असं मी धरेन.