अडेनियमचा बुंधा मऊ पडलाय, पाणी वाढवू का?

नको. आज तरी एक थेंबही घालू नका.

कुंडी नवी, माती निचऱ्याची, तरी पानं पिवळी पडून गळतायत आणि बुंधा एका बाजूला दबतोय, हे तुमचं वाचलं आणि माझं गेलेलं झाड आठवलं. ऊन, कुंडीला भोक वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

अडेनियम हे फुगीर बुंध्यात पाणी साठवणारं झाड. तहानलेल्या अडेनियमचा बुंधा सगळीकडून सारखाच मऊ होतो, सुरकुततो आणि पाणी मिळालं की काही दिवसांत पुन्हा टणक होतो. कुजणारा बुंधा एकाच जागी लिबलिबीत लागतो. तुमचं दुसरं प्रकरण वाटतंय. अर्थात झाड मी पाहिलेलं नाही, लांबून सांगतोय.

माझं कुठे चुकलं ते सांगतो. झाड आणलं तेव्हा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात होतं. मी जाड वाळू, पर्लाइटचे हलके पांढरे दाणे असं छान मिश्रण केलं, पण मुळांभोवतीचा कोकोपीटचा गोळा तसाच ठेवून भोवतीने ते भरलं. कारण विकणाऱ्याने बजावलं होतं, ‘मुळांना हात लावाल तर झाड मरेल.’ वरून बोट घातलं की कोरडं लागायचं, म्हणून मी पाणी घालत राहिलो. आत गोळा गच्च ओला. थंडीत पानं गळाली. ती थंडीत तशीही गळतात, पण मी घाबरून पाणी आणखी वाढवलं. त्याच माणसाला विचारलं तर म्हणे, खत द्या. मुळं कुजलेल्या झाडाला खत! उपटलं तेव्हा बुंध्याचा खालचा अर्धा भाग हातातच आला. अजून आठवलं की चिडचिड होते.

तुमच्याही मुळांभोवती असाच जुना गोळा राहिला असावा. तेव्हा झाड उपटा, तो गोळा पाण्याने धुऊन पूर्ण काढा. मऊ भाग धारदार पात्याने कापत जा, आत तपकिरी डागही दिसेनासा होईपर्यंत. दर कापाला पातं स्पिरिटने पुसा. मग बुरशीनाशकाची भुकटी लावून आठवडा-दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेवा. कापलेली जागा वाळून कडक झाल्याशिवाय लावू नका. लावल्यावरही पाण्याची घाई नको. एवढे दिवस मातीबाहेर राहून ते मरत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

हातमोजे घाला. हे कण्हेरीच्या कुळातलं झाड आहे, चीक विषारी. आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. मुलं, मांजरं लांब ठेवा.

बुंधा सगळाच गेला असेल तर एखादी निरोगी फांदी वाचवा. फुलं तीच येतील. पण फांदीपासूनच्या झाडाचा बुंधा बियांच्या रोपासारखा सहसा फुगत नाही. मला विचाराल तर बुंध्याची हौस असणाऱ्याने बियाच लावाव्यात, त्याही ताज्या.

कापल्यावर आतला रंग कसा निघतो ते कळवा, मग फांदी घ्यायची की नाही ते ठरवू.