अमेरिकन क्लायंट मिटिंगमध्ये ‘लेट्स टेबल धिस’ म्हणाला, म्हणजे त्यावर लगेच चर्चा करायची का?

नाही, विषय तूर्त बाजूला ठेवायचा. अमेरिकेत ‘टेबल’ करणं म्हणजे लांबणीवर टाकणं, ब्रिटनमध्ये नेमकं उलटं: चर्चेला घेणं. आपल्याकडची सरकारी इंग्रजी ब्रिटिश वळणाची, विधिमंडळातही कागदपत्रं ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवतात ती सर्वांसमोर यावीत म्हणूनच, त्यामुळे आपला गोंधळ होणं साहजिक आहे. मोठमोठ्यांचाही झालाय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता. ‘टेबल करू’ म्हटल्यावर अमेरिकनांना वाटलं, हे तो गुंडाळून ठेवतायत. दोघांनाही हवं होतं एकच, तरी बराच वेळ खडाजंगी चालली. चर्चिल यांनी आपल्या युद्ध-आठवणींत हे लिहून ठेवलंय.

फक्त ‘ऑन द टेबल’ याच्याशी गल्लत करू नका. ‘द ऑफर इज स्टिल ऑन द टेबल’ म्हणजे प्रस्ताव अजून खुला आहे, आणि ‘ऑफ द टेबल’ म्हणजे तो विषय संपला. हे दोन्ही देशांत सारखंच. टीममध्ये लंडनचेही लोक असतील तर सरळ विचारा, ‘नाऊ ऑर लेटर?’